गॅसवरचा फायर ट्रेनर : नऊ महिने वापरल्यावर

जानेवारीत रिकामा म्हणून परत जाणारा निळा सिलिंडर मी काट्यावर ठेवला. 19 किलोंपैकी 5 किलो गॅस आतच. पैसे पूर्ण भरलेले, परत काहीच मिळत नाही. त्या दिवसापासून या मशिनबद्दल, म्हणजे सिलिंडरच्या गॅसवर सरावाची आग पेटवणाऱ्या ट्रेनरबद्दल, लिहायचं होतं.

चाकणच्या कारखान्यात मी कामगारांना आग विझवायला शिकवतो. आधी लोखंडी ट्रेमध्ये पाणी, वर डिझेल, पेट घ्यायला थोडं पेट्रोल. काळा लोट थेट शेजारच्या वस्तीवर जायचा. कामगार मुलं एकदा सराव करून जातात, मी आठवड्यातून दोनदा त्या धुरात. संध्याकाळी रुमाल काळा व्हायचा. 2022 साली आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, अग्निशमनाच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं. ती बातमी घरी बायकोने वाचून दाखवली, आणि गॅसचं मशिन घ्या म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो.

मशिन आलं तेव्हा सुरुवातीला नाराज होतो. ज्वाळा स्वच्छ, मुलांना धाकच वाटेना. आता मत बदललंय. धूर नसल्यामुळे कोण बुंध्यावर मारतोय आणि कोण नुसता शेंड्यावर, हे मला दिसतं. कुणाचा पाय घसरला तर बटण सोडायचं, आग बंद. सरावाला पावडरही लागत नाही, पाण्याचं एक्स्टिंग्विशर चालतं. कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण काजळी जवळपास नाही.

राग आहे तो थंडीवर. डिसेंबरात सकाळी पाचव्या माणसाला ज्वाळा गुडघ्याएवढीच. सिलिंडरला खालून वीतभर पांढरं दहिवर, आत द्रवरूप गॅस जिथपर्यंत होता तिथपर्यंतच. द्रवाची वाफ होताना उष्णता खेचली जाते, गार पडला की दाब उतरतो. त्यात सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. प्रोपेन आधी निघून जातो, तळाशी ब्युटेन बसून राहतो. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही! सर्व्हिसवाल्यांना चार फोन केले, तेव्हा व्हेपोरायझरचं, म्हणजे द्रव गॅस गरम करून त्याची वाफ करणाऱ्या यंत्राचं कोटेशन आलं, मशिनच्या निम्म्या किमतीचं.

शेवटी गॅसवाल्याकडून चार सिलिंडरांचा मॅनिफोल्ड, म्हणजे चारही एकदम जोडणारी नळी, बसवून घेतला. प्रत्येकावर पाव भार. आता सोळा जण एका दमात होतात, उरतो जेमतेम किलोभर. सिलिंडर तापवायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नका. घेणार असाल तर किती सिलिंडर एकदम जोडता येतात, हे ऑर्डरआधी लिहून घ्या. मी विचारलं नव्हतं, आणि अख्खा हिवाळा पैसे तळाशी गोठले.