वर्गणीवर चालणारा मॅस्टोडॉन सर्व्हर: चौदा महिन्यांनंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. दीड-दोनशे मराठी माणसांसाठी सर्व्हर चालवायला लागणारे पैसे वर्गणीतून जमतात. पण एकट्याने या भानगडीत पडू नका. मी पहिले सहा महिने एकटीने चालवला आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक होती.

मॅस्टोडॉन माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये हे ट्विटरसारखं, छोट्या पोस्ट लिहायचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं, आणि असे हजारो सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात. म्हणजे माझं खातं आमच्या छोट्या सर्व्हरवर असलं तरी टोकियोतल्या किंवा बर्लिनमधल्या माणसाला मी तिथून फॉलो करू शकते. वर कंपनी नाही, जाहिराती नाहीत, काय दाखवायचं हे ठरवणारा अल्गोरिदम नाही.

माझं तिथलं पहिलं खातं नोव्हेंबर २०१९ चं. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, तेव्हा भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर आले, त्यात मीही होते. महिनाभर गजबज राहिली आणि बहुतेक जण परत गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर इलॉन मस्क यांच्याकडे गेल्यावर दुसरी लाट आली, आणि या वेळी माझ्या ओळखीतले बरेच जण टिकले. आम्ही सगळे वेगवेगळ्या परदेशी सर्व्हरांवर विखुरलेलो होतो. मराठीतली तक्रार वाचू शकेल असा नियंत्रक त्यातल्या एकाही ठिकाणी नव्हता. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये कोल्हापुरात माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी आमचा सर्व्हर उभा केला.

नाव ठरवायलाच आठवडा गेला, आणि जायलाच हवा होता. सर्व्हरचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकदा ठरला आणि बाहेरच्या जगाशी बोलणं सुरू झालं, की पुढे बदलता येत नाही. ‘.भारत’ घ्यायचा मोह फार झाला होता. पण वापरकर्त्याचं नाव मॅस्टोडॉन रोमन अक्षरांतच मागतं, मग अर्धा पत्ता रोमन आणि अर्धा देवनागरी असं काहीतरी झालं असतं. साधा ‘.इन’ घेतला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या ‘.एएफ’वरचा एक चालता सर्व्हर तालिबानी सरकारने डोमेन काढून घेतल्यामुळे बंद पडला, तेव्हा आपण निदान आपल्या देशाचा डोमेन घेतला याचं समाधान वाटलं.

आता खर्च, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. चार कोअर, ८ जीबी मेमरी आणि १६० जीबी डिस्कचा भाड्याचा सर्व्हर महिना १,४५० रुपये. चित्रं आणि व्हिडिओंची वेगळी साठवण ५२०. बॅकअप ३१०. डोमेनचे महिन्याला ७० धरा. एकूण २,३५०. सभासद २१२, त्यातले रोज-एक दिवसाआड दिसणारे ऐंशीच्या आसपास, आणि वर्गणी देणारे ३८. कोणी पन्नास देतं, कोणी शंभर, एक आजी दर तिमाहीला न चुकता तीनशे पाठवतात. पहिले तीन महिने मी पदरचे पैसे घातले, त्यानंतर घालावे लागलेले नाहीत.

यात माझी कल्पना सपशेल चुकली ती डिस्कबाबत. मला वाटायचं, माणसं वाढली की डिस्क भरणार. तसं होत नाही. आमच्या लोकांनी स्वतः टाकलेली चित्रं चौदा महिन्यांत जेमतेम ६ जीबी आहेत. पण ते ज्यांना फॉलो करतात त्यांची चित्रंही आमच्या सर्व्हरवर उतरवून ठेवली जातात, कोणी ती पाहो वा न पाहो. आमच्याकडे रत्नागिरीचे एक पक्षीनिरीक्षक आहेत. त्यांनी जगभरचे अठराशे छायाचित्रकार फॉलो केले आणि दोन महिन्यांत ९० जीबी भरले. उपाय सोपा आहे: ‘टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह’ ही आज्ञा रोज रात्री चालवायची. परक्या सर्व्हरांवरची सात दिवसांहून जुनी चित्रं ती काढून टाकते, आणि कोणाला पुन्हा हवी असतील तर पुन्हा आणता येतात. मूळ चित्रांना धक्का लागत नाही. हे मी पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं. डिस्क शंभर टक्के भरली त्या रात्री डेटाबेस बंद पडला होता. पक्षीवाल्यांना कळलं तेव्हा त्यांनी न सांगता वर्गणी दुप्पट केली.

ईमेलने मात्र रडवलं. नव्या खात्याची खातरजमा करणारा मेल लोकांच्या स्पॅममध्ये जायचा, किंवा जायचाच नाही. सर्व्हर भाड्याने देणारे बहुतेक जण मेलचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, म्हणून मेल पाठवायला वेगळी सेवा घ्यावी लागते आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावावं लागतं. यात नऊ दिवस गेले, आणि त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मराठीसाठी कसं आहे? लिहायला-वाचायला उत्तम. देवनागरी हॅशटॅग चालतात. वापरपटलाला, म्हणजे बटणं-सूचनांना, मराठीचा पर्याय आहे, पण मध्येच इंग्रजी शब्द डोकावतात. खरी अडचण शोधात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ४.२ आवृत्ती आली आणि ज्यांनी संमती दिली त्यांच्या जाहीर पोस्ट शोधता येऊ लागल्या. त्यासाठी इलॅस्टिकसर्च हे शोधाचं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागतं, ते मेमरी भरपूर खातं, आणि त्याची मांडणी इंग्रजी शब्दांच्या मुळांसाठी केलेली आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार सोय आहे, मराठीसाठी नाही. परिणामी ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’ सापडत नाही, ‘पुण्याला’ सापडत नाही, ‘पुण्याहून’ तर नाहीच. आपली भाषा विभक्तीवर उभी आहे, तिच्यात असा शोध काय कामाचा? त्यात ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ कीबोर्डनुसार दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला तो सारखाच दिसतो, पण आमच्या सर्व्हरला ते दोन वेगळे शब्द वाटत होते. दोन महिने खटपट केली आणि जानेवारीत शोध बंद केला. ज्यांना मराठी भाषातंत्रज्ञानात काम करायचं आहे त्यांनी हे कोणीतरी हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता १ फेब्रुवारी २०२४. त्या दिवशी मॅस्टोडॉनमधली एक फार गंभीर त्रुटी जाहीर झाली: बाहेरून कोणालाही दुसऱ्याच्या खात्याचं सोंग घेता येत होतं, खातं ताब्यातही घेता येत होतं. ४.२.५ आवृत्तीत दुरुस्ती होती. सर्व्हरवाल्यांना वेळ मिळावा म्हणून विकसकांनी तपशील १५ तारखेपर्यंत झाकून ठेवले होते, यावरून प्रकरण किती नाजूक होतं ते समजा. आणि मी त्या रात्री एसटीत होते, आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला, चुलतबहिणीच्या लग्नाला. घाटात रेंज नव्हती. सावंतवाडी स्थानकात उतरल्यावर फोनवर एकामागून एक चाळीस निरोप आले. लग्नघराच्या गच्चीवर, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आज्ञा टंकत, रात्री एक वाजता मी अपडेट पुरा केला. हात थरथरत होते. दोनशे माणसांचे खासगी संदेश माझ्या भरवशावर आणि सर्व्हरची किल्ली एकट्या माझ्याकडे. बसला अपघात झाला असता तर? कोणालाच आत जाता आलं नसतं.

लग्नाहून परतल्यावर पहिलं काम केलं ते दोन माणसं जोडून घेण्याचं. एक सांगलीचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. दुसरी माझी कॉलेजची मैत्रीण, कॅलिफोर्नियात असते, म्हणजे आपल्याकडे रात्र असते तेव्हा ती जागी. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येऊ पाहणाऱ्या सर्व्हरांना एक करारनामा पाळावा लागतो: रोज बॅकअप, आणीबाणीत आत जाऊ शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना. तो मी सुरुवातीलाच वाचला होता आणि दुसऱ्या माणसाची अट नंतर बघू म्हणून सोडली होती. ती सोडायला नको होती.

त्याच महिन्यात स्पॅमची लाट आली. नोंदणी उघडी टाकून मालक विसरून गेलेल्या जगभरच्या छोट्या सर्व्हरांवर स्क्रिप्टने खाती उघडून तिथून संदेशांचा मारा चालू झाला. घाईघाईत मी असे तीसेक सर्व्हर पूर्ण बंद केले. त्यातला एक स्पॅमवाल्यांच्या तावडीत सापडलेला, पण खऱ्या माणसांचा होता, आणि आमच्या सात जणांचे तिथे मित्र होते. सर्व्हर पूर्ण बंद केला की दोन्हीकडचं फॉलो करणं तुटतं, आणि बंदी उठवली तरी ते आपोआप परत जुळत नाही. मी सातही जणांना वेगवेगळं लिहून माफी मागितली. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी ‘मर्यादित’ करायचं, म्हणजे नाती न तोडता तिथल्या पोस्ट फक्त फॉलो करणाऱ्यांनाच दिसू द्यायच्या, आणि पूर्ण बंदीला दोघांची संमती लागेल.

काका आले आणि हिशेबाचं रूप पालटलं. वर्गणी माझ्या रोजच्या खात्यात येत होती, ती त्यांनी वेगळ्या बचत खात्यात वळवली. दर महिन्याच्या ५ तारखेला जमा-खर्च सर्व्हरवरच जाहीर होतो, गणपती झाल्यावर मंडळाच्या फलकावर लागतो तसा, पै-पैसह. वर्गणीदारांची नावं मात्र देत नाही. आम्ही नोंदणीकृत न्यास नाही, त्यामुळे देणगीवरची करसवलत मिळणार नाही हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. परदेशातून येणाऱ्या पैशांबाबत काका फार कडक आहेत. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे देत असेल तर कायद्याने ती विदेशी देणगी ठरत नाही, पण परदेशी पासपोर्टवाला मराठी माणूस मात्र विदेशीच धरला जातो. म्हणून मैत्रिणीची वर्गणी आम्ही घेतो आणि तिच्या नवऱ्याची नम्रपणे परत केली. पहिला हिशेब लागला त्या महिन्यात नवे अकरा वर्गणीदार मिळाले. मी कोणाकडे एका शब्दानेही मागितलं नव्हतं.

सगळ्यात जड काम तक्रारींचं. मे महिन्यात एका सभासदाने दुसऱ्याला उत्तर देताना जातीवरून हिणवणारी जुनी म्हण वापरली. तक्रार आली. पोच २४ तासांत द्यायची असते, ती दिली. लिहिणाऱ्याचं म्हणणं, ‘ताई, ही तर म्हण आहे, आमची आजी म्हणायची.’ आम्ही तिघं रात्री दोन तास बोललो. ती ओळ ज्याच्यावर फेकली होती त्याने ती लहानपणापासून शाळेत, विहिरीवर ऐकलेली होती, हे त्याने तक्रारीत लिहिलं होतं. पोस्ट काढली आणि का काढली ते लिहिणाऱ्याला सविस्तर कळवलं. तो चार दिवस वाद घालून सोडून गेला. तक्रार करणारा आजही आहे. ती म्हण वाचणारा आणि तिच्यातला डंख ओळखणारा नियंत्रक असावा, एवढ्यासाठी तरी हा सर्व्हर हवा होता, असं मला त्या रात्री वाटलं.

नोंदणी आम्ही अडीचशेवर थांबवणार आहोत. त्यापुढे तिघांना पुरणार नाही. आणि मोठी संस्था पाठीशी असली म्हणजे सर्व्हर टिकतोच असंही समजू नका: मोझिलाने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला मॅस्टोडॉन सर्व्हर १७ डिसेंबरला बंद होणार असल्याचं जाहीर केलं. खातं हलवलं की फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. म्हणून सभासदांना मी दर तिमाहीला आपापला संग्रह उतरवून घ्यायची आठवण करते.

८ ऑक्टोबर २०२४ ला मॅस्टोडॉनची ४.३ आवृत्ती आली. सर्व्हर बंद केल्यामुळे फॉलो करणं तुटलं तर त्याची सूचना आता सभासदाला आपोआप मिळते. फेब्रुवारीत हे असतं तर बरं झालं असतं. अपडेट करण्याआधी गुप्त फायलीत तीन नव्या किल्ल्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे लांब सांकेतिक शब्द, घालाव्या लागतात, आणि त्या हरवून चालणार नाही. मैत्रीण शनिवारी रात्री जागी राहील, मी रविवारी पहाटे बसेन. किल्ल्या कागदावर छापून, पाकीट चिकटवून सांगलीला पाठवायच्या आहेत. काकांनी लोखंडी कपाटातला खण रिकामा करून ठेवला आहे.