५५ सेंटिमीटर रुंदीची फायबरची कयाक: उलटल्यावर सुलटी होते का?

कयाक, म्हणजे आत बसून वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, विकत घेताना बहुतेक जण लांबी, वजन आणि किंमत विचारतात. ती उलटली तर आत बसल्याबसल्या सुलटी करता येईल का, हे फारसे कोणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात मी गोव्याहून कोल्हापुरात आणलेल्या जुन्या फायबरच्या कयाकचे हे परीक्षण मुख्यतः याच प्रश्नाचे आहे. ती ५ मीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद असून तिचा तळ जवळजवळ गोल आहे आणि बैठकीमागचा वरचा भाग बुटका आहे.

त्याआधी मी सरावासाठी ७५ सेंटिमीटर रुंदीची, सपाट तळाची प्लॅस्टिकची कयाक भाड्याने घेत असे. पूर आला की आपल्याकडे गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडून माणसे हलवतात, त्या काहिलीसारखीच ती पसरट आणि निवांत वाटली. मात्र रुंद नाव सरळ असताना जशी पाण्यावर घट्ट बसते, तशीच ती पालथी झाल्यावरही घट्ट बसते. राजाराम तलावात चुलतभाऊ छातीएवढ्या पाण्यात शेजारी उभा होता आणि मी डोके खाली, नाकात पाणी अशा अवस्थेत कमरेला झटके देत होतो. नाव थोडी कलायची आणि परत पालथी व्हायची. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मात्र तीच नाव जणू स्वतःहून सरळ उभी राहायची. सुरुवात जड आणि शेवट सोपा, हा सपाट तळाचा स्वभाव आहे.

गोल तळाच्या नावेत हे चित्र वेगळे आहे. गोल आकार फिरताना फारसे पाणी बाजूला सारत नाही, त्यामुळे त्याला विरोध होतो तो बहुतांशी पृष्ठभागाच्या घर्षणाचा. कोपरे असलेल्या तळाला मात्र प्रत्येक कोपऱ्याने पाणी ढकलावे लागते. म्हणूनच या कयाकमध्ये ताकद सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच लागते. वर आल्यावर ती स्वतःहून थांबत नाही, हा तिचा दोष समजावा की गुण, हे बसणाऱ्यावर आहे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा वर येऊन दुसऱ्या बाजूला पुन्हा उलटलो.

पाण्याच्या विरोधाचा दुसरा धडा वल्ह्याने दिला. वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो, म्हणून घाईने ओढलेले वल्हे दंडाला जड जाते आणि कमरेची हालचाल मागे राहते. पाते सरळ खाली दाबले तर ते बुडते आणि आधार संपतो. पात्याची पुढची कड किंचित वर ठेवून ते पाण्याच्या पृष्ठभागालगत पुढून मागे अर्धवर्तुळात फिरवले, तर त्याला वर उचलणारा आधार मिळत राहतो आणि तेवढ्या वेळात कंबर नाव फिरवते. डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर काढायचे असते, कारण पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी उचलते. बाहेर आले की ते सगळे ओझे पुन्हा नावेवर पडते. हे मला समजायला तीन रविवार लागले, आणि माझ्या मते या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

आता तक्रारी. बैठकीची पाठ मूळची इतकी उंच होती की मागे झोपून वर येणे अशक्यच होते. बुटक्या मागच्या भागाचा फायदा त्या एका तुकड्याने घालवला होता. तो काढून मी तिथे रुंद पट्टा बसवला आणि त्याच दिवशी फरक पडला. मांड्यांना टेकण्याच्या जागी फोम झिजला होता, त्यामुळे कमरेचा झटका नावेपर्यंत पोहोचण्याऐवजी मीच आत घसरत असे. दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर जाडीचा फोम चिकटवल्यावर नाव अंगाला बसली. मागच्या कप्प्याच्या झाकणातून अजूनही वाटीभर पाणी झिरपते. विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

केवळ शांत पाण्यात संथ फेरफटका मारायचा असेल, तर ही कयाक घेऊ नये. पहिले काही दिवस ती सतत डुलत राहते. ज्यांना रोल, म्हणजे उलटलेली नाव आत बसल्याबसल्या सुलटी करणे, शिकायचा आहे, त्यांनी मात्र अशी नाव घेण्याआधी आत बसून दोन्ही गुडघे वर टेकतात का आणि पाठ मागच्या भागाला लावता येते का, हे किनाऱ्यावरच तपासावे. शक्य असल्यास कोणाला तरी शेजारी उभे करून कमरेएवढ्या पाण्यात एकदा उलटूनही पाहावे.