साधी सत इसबगोल भुशी: मूळव्याधीवाल्यांनी नक्की घ्या, पण नीट घ्या

बाबांना दुसऱ्या ग्रेडची मूळव्याध आहे, म्हणजे संडासला बसलं की कोंब बाहेर येतात आणि नंतर आपोआप आत जातात. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही, आधी खाणं सुधारा, पाणी वाढवा आणि रोज इसबगोल घ्या म्हणाले. तेव्हापासून आमच्या किराणाच्या यादीत ही भुशी कायम असते, आणि मला विचाराल तर मूळव्याधीसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात कामाची हीच.

बरेच जण हिला जुलाबाचं औषध समजतात, पोट साफ झालं नाही की त्या रात्री एक चमचा घ्यायचा आणि मग आठवडाभर डबा कपाटात, आणि वर म्हणायचं काही फरक पडत नाही. अहो ही रोज घ्यायची गोष्ट आहे. भुशी पाणी शोषून फुगते, जेलसारखी होते, त्यामुळे शौचाला मऊ होते, कुंथावं लागत नाही आणि कोंबांवर ताण येत नाही, एवढंच तिचं काम. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. 2005 साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 7 ट्रायल्सचा, एकूण 378 पेशंटचा आढावा घेतला होता, त्यात फायबर, म्हणजे इसबगोलसारखा चोथा, घेणाऱ्यांमध्ये रक्त पडायचा धोका साधारण निम्म्याने कमी दिसला.

पाण्याचं मात्र अगदी कळकळीने सांगते. एका चमच्याला मोठा ग्लासभर पाणी हवंच, ढवळलं की लगेच प्यायचं, नाहीतर चिकट गोळा होतो आणि घशाखाली उतरत नाही. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी असलं काही करू नका, घशात अडकू शकते. बाबा ताकात घालून घेतात आणि वर पाणी पितात, चव काहीच लागत नाही त्यामुळे त्यांची कुरकुर नाही. सुरुवातीला थोडा गॅस होतो, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरू करून हळूहळू वाढवा. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि हिच्यात दोनेक तास अंतर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

घेताना साधीच घ्या. ऑरेंज वगैरे फ्लेवरवाल्या बऱ्याच पाकिटांत साखर असते, डायबेटिसवाल्यांनी लेबल बघा. आणि शेजारीच ठेवलेल्या कब्जच्या चूर्णांशी गल्लत नको, त्यातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून जुलाब करते, रोज घ्यायची ती गोष्ट नाही.

आता खरं बोलायचं तर एका मोठ्या चमच्यात साधारण 5 ग्रॅम भुशी मावते आणि दिवसाला फायबर लागतं 25-30 ग्रॅम, म्हणजे बाकीचं ताटातूनच यायला हवं. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम फायबर, मैद्यात 3 च्या आत. म्हणून आमच्याकडे संध्याकाळची खारी-टोस्ट बंद आणि रात्री भाकरी, मेथी किंवा शेपू, मुगाची उसळ, दुपारी पेरू. सुरणाची भाजीही बाबांना मानवली, आयुर्वेदात त्याला अर्शोघ्न म्हणजे मूळव्याध घालवणारा म्हणतात, फक्त चिंच किंवा आमसूल घालून शिजवा नाहीतर घसा खाजतो. उपासाला साबुदाणा टाळा, त्यात फायबर जवळजवळ नसतंच, त्यापेक्षा राजगिरा बरा. ठेचा आणि तर्रीवाल्या मिसळीने आग होत असेल तर त्रास असेपर्यंत लांब ठेवा. आणि संडासात मोबाईल नेऊ नका, तिथे जास्त वेळ बसणं मूळव्याधीला वाईटच.

कोंब हिने नाहीसे होत नाहीत, तशी अपेक्षा ठेवून घेऊ नका. बाबांचं रक्त थांबलं, सकाळची भीती गेली, आम्हाला तेवढं पुष्कळ आहे. पण रक्त पडतंय तर मूळव्याधच असणार असं घरच्या घरी ठरवून टाकू नका प्लीज, आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त पडतं, विशेषतः पंचेचाळिशी उलटली असेल, वजन उतरत असेल किंवा पोटाची सवय अचानक बदलली असेल तर लाजून बसू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दमट हवेत भुशीला गोळे येतात, म्हणून पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो पाकिटांवर पाण्याची सूचना अगदी बारीक अक्षरात छापतात म्हणून.