डी व्रीसच्या नोट्स भारी, बाइंडिंग भंगार

लातूरला उद्योग भवनाकडं एका झेरॉक्सवाल्याकडं इव्होल्युशनच्या हाताने लिहिलेल्या नोट्स मिळतात, दीडशेला. धाकट्याच्या नीटसाठी घेतल्या आणि त्याच्याआधी मीच वाचून काढल्या.

ह्युगो डी व्रीस, हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणलं की क्लासमधी काय, तर इव्हिनिंग प्रिमरोज, म्युटेशन, सॉल्टेशन (एका उडीत होणारा मोठा बदल), चला पुढं. इथं माणूस नीट उलगडलाय. 1886 ला हॉलंडात हिल्व्हर्समजवळ बटाट्याच्या पडीक रानात त्याला ईनोथेरा लामार्कियाना, म्हणजे तेच इव्हिनिंग प्रिमरोज, दिसलं, बागेतून सुटून तिथं माजलेलं, त्यात काही झाडं बाकीच्यांहून वेगळीच, मग गड्यानं बी नेलं ॲमस्टरडॅमला आणि वर्षानुवर्षं पेरत बसला. कधी दांडगं जायगास निघालं, कधी खुजं नॅनेला, त्यावरून म्हणला नवी जात हळूहळू नाही, एका झटक्यात होते.

सगळ्यात भारी पान त्याच्यापुढचं. नेहमीच्या झाडात क्रोमोसोम 14, जायगासमधी निघाले 28, लाटा नावाच्या प्रकारात 15. म्हणजे त्यानं ज्याला म्युटेशन म्हणलं त्यातलं बरंचसं क्रोमोसोमच्या हिशोबाचा घोळ होता, तरी प्रयोग करून इव्होल्युशन तपासायचा नाद त्यानंच लावला की. हे आम्हाला कुण्या सरनी सांगितलं नव्हतं, प्रश्नात येत नाही म्हणून असेल.

1900 ला मेंडेलचे अनुवंशाचे विसरलेले नियम पुन्हा सापडले, तो भाग मात्र जरा एकतर्फी आहे. फ्रेंच पेपरात डी व्रीसनं मेंडेलचं नाव घेतलं नाही हे खरंय, पण त्याच वर्षीच्या जर्मन पेपरात घेतलंय, आणि अनुवंशाचे गुण वेगवेगळ्या कणांतून जातात हे तो 1889 लाच पॅनजेन म्हणून मांडून बसला होता, त्याला सरळ चोर ठरवून लाल पेनानं रेघ मारायची काही गरज नव्हती. प्लाझ्मोलिसिसवरचं (पाणी गेल्यावर पेशीतला जीवद्रव्य आकसतो ते) त्याचं काम तर गायबच, व्हांट हॉफ या रसायनशास्त्रज्ञाला ऑस्मोटिक प्रेशरसाठी ते कामाला आलं राव, एक ओळ तरी टाकायची. मेंडेलचे नियम पुन्हा शोधणाऱ्यांतल्याच शेरमाकचं स्पेलिंगबी दर पानाला बदलतंय.

छपाईचं बोलूच नका. पिवळं फूल काळ्या डागासारखं उमटलंय, स्पायरल आठवड्यात निसटलं, दुकानात नेलं तर म्हणे नवीन टाकायचे पंचवीस लागतील.

मजकुराला चार स्टार, बाइंडिंगला एकबी नाही. पीडीएफ मागू नका, देत नाहीत. घेताना शेवटची पानं उघडून बघा, एमसीक्यू तिथंच आहेत आणि माझ्या कॉपीत दोन पानं उलटी लागलीत.