मॅकवर लिनक्सची डिस्क वाचायची तर: डीबगएफएसचे आठ महिने

घरच्या जुन्या लिनक्स पीसीचा मदरबोर्ड गेला. डिस्क ठणठणीत होती. दुरुस्तीवाल्याने ती आपल्या विंडोजला लावली, काही दिसेना म्हणून ‘करप्ट आहे, रिकव्हरीचे आठ हजार’ असं सांगून मोकळा झाला. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीची होती, एवढंच. विंडोज ती आपणहून उघडत नाही, मॅकही नाही. मॅकवर जोडताच डिस्क वाचता येत नसल्याची खिडकी येते आणि तिथे ‘इनिशियलाइज’चं, म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडायचं, बटण असतं. ते दाबू नका, ‘इग्नोर’ करा.

एकदाच लागणाऱ्या कामासाठी विकतचा ड्रायव्हर घेणं मला पटेना. म्हणून होमब्रूने (मॅकवर कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायचं साधन) ई२एफएसप्रॉग्ज हे ईएक्सटी४ हाताळणारं पॅकेज टाकलं. ते आपोआप पाथमध्ये (टर्मिनल जिथे कमांड शोधतं त्या यादीत) येत नाही, पूर्ण पत्ता द्यावा लागतो. डीबगएफएस हे टर्मिनलवर चालणारं साधन त्यातलंच. ते डिस्क माउंट करत नाही, म्हणजे मॅकला जोडून देत नाही, स्वतः वाचतं, आणि ‘वजा डब्ल्यू’ हा पर्याय दिल्याशिवाय डिस्कवर काही लिहीत नाही. बाबांच्या भजनी मंडळाची इतक्या वर्षांची रेकॉर्डिंग आत असताना मला हेच हवं होतं.

फाइलींना नावं नुसती आकड्यांची. कोणती आषाढीची, कोणती कार्तिकीची, हे फाइलीच्या तारखेवरूनच कळणार. मी आधी एकेक फाइल काढणाऱ्या ‘डम्प’ कमांडने चार फाइली काढल्या, तर चारींवर आजची तारीख! पोटात गोळाच आला. जुनी तारीख राखायला ‘डम्प’ला ‘वजा पी’ द्यावं लागतं. अख्खा फोल्डर काढणारं ‘आरडम्प’ मात्र तारखा स्वतःच सांभाळतं.

‘आरडम्प’ चालू असताना स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. १८० जीबीला दोन तास मी नुसती डिस्कची घरघर ऐकत बसले. शेवटी फोल्डर आला, पण उघडेना. कारण सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवलं की फाइलींची मालकीही जशीच्या तशी येते. लिनक्सवर पहिल्या युजरचा क्रमांक १०००, मॅकवर ५०१. माझ्याच मॅकवर माझ्याच फाइली १००० नावाच्या कुणा परक्याच्या! मालकी सोडून बाकी सगळं आणायचा पर्याय ‘आरडम्प’ला का नसावा? दर वेळी मागून मालकी बदलणारं ‘चोन वजा आर’ चालवावं लागतं आणि दर वेळी मी चिडते.

पहिल्या आठवड्यात मी याला सरळ नापास केलं होतं. मग सगळ्या तारखा लावून पाहिल्या: २००९ च्या आषाढीपासून एकही सरकलेली नव्हती, आणि ‘चोन’नेही त्या बदलत नाहीत. जो काटेकोरपणा मला १००० देतो, त्यानेच बाबांच्या तारखा आणल्या. तेव्हा मत बदललं. चीड तेवढी राहिली.

मे महिन्यात मामेभावाची डिस्क आली, तिचा सुपरब्लॉकच, म्हणजे डिस्कच्या रचनेची मुख्य नोंद, खराब. ‘वजा बी ४०९६, वजा एस ३२७६८’ (ब्लॉकचा आकार आणि प्रतीची जागा) देऊन त्या नोंदीच्या राखीव प्रतीवरून उघडली आणि लग्नाचे फोटो निघाले. एलव्हीएम (डिस्कची जागा वेगळ्या थरातून वाटणारी लिनक्सची पद्धत) वापरलेली किंवा एन्क्रिप्ट केलेली डिस्क मात्र याला थेट उघडता येत नाही. पीसी मध्येच बंद पडला असेल तर जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत) अडकलेले शेवटचे बदलही दिसत नाहीत, कारण नुसतं वाचताना डीबगएफएस ते बदल लागू करत नाही. आणि वाइल्डकार्ड (एका खुणेत अनेक फाइली निवडायची सोय) नाही, तेव्हा पन्नासातल्या पाचच फाइली हव्या असतील तर पाच वेळा टाइप करा.

बाबांना परवा २०११ च्या कार्तिकीचं रेकॉर्डिंग लावून दिलं. पखवाज कुणाचा, ते त्यांनी पहिल्या थापेलाच ओळखलं.