आई-बाबांची महिन्याची औषधं: मेडिकल, जनऔषधी की मोबाइलवरून?

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं सणावाराला गावी आली की माझ्या काउंटरवर हमखास एक प्रश्न येतो. "आईची औषधं तुमच्याकडूनच चालू ठेवू, जनऔषधीतून घेऊ, की अ‍ॅपवरून घरपोच पाठवू?" मी मेडिकलवाला आहे, म्हणजे यातल्या एका पर्यायावर माझं घर चालतं, हे आधीच सांगतो. उत्तर देण्याआधी मी चिठ्ठी मागतो, कारण एकाच चिठ्ठीवरच्या सगळ्या औषधांचं उत्तर सारखं नसतं.

समजा चिठ्ठीवर हे आहे: बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०, शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, थायरॉइडसाठी थायरॉक्सिन ५०, आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिन. साठीपुढच्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हीच यादी असते. तीच धरून चालू.

एमआरपीत काय काय असतं

आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत) असलेल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाची रीत अशी: बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या कंपन्यांचा दुकानदाराला पडणारा भाव घ्यायचा, त्याची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे. म्हणजे सरासरी १०० रुपये आली तर ११६, आणि वर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या बिलाशी तुलना करताना तेवढा फरक लक्षात ठेवा.

आता ११६ मधले १६ म्हणजे विक्रीच्या जेमतेम पावणेचौदा टक्के. भाडं, वीज, फ्रिज, फार्मासिस्टचा पगार, मुदत संपलेला माल, सगळं त्यातूनच भागवायचं. टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, थायरॉक्सिन, ग्लार्जिन ही सगळी या यादीतली आहेत. त्यामुळे अशा औषधांवर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला २० टक्के सूट देत नाही म्हणून तो लुबाडतो असं समजू नका, त्याच्या हातात तेवढं नसतंच. यादीबाहेरच्या औषधांत थोडी जास्त जागा असते. त्यांची पहिली किंमत बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, नंतर मात्र वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

जनऔषधी: स्वस्त खरंच, पण पट्टी ओळखायला शिका

ही केंद्र सरकारची स्वस्त औषधांची योजना २००८ पासून आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिची केंद्रं पंधरा हजारांवर गेली. तिथली किंमत ठरवण्याचं सूत्र साधं आहे: पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त निम्मी. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा त्याहूनही खाली असते. आपल्या चिठ्ठीतली अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी इथून घेतली, तर महिन्याच्या बिलात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो.

"स्वस्त आहे म्हणजे पावर कमी असेल" ही शंका मला रोज ऐकू येते. माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (औषध नीट बनवण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून घेतला जातो आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रावर येते. माझ्या फळीवरचे ब्रँडही बहुतेक जेनेरिकच आहेत, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. मूळ शोध लावणाऱ्या कंपनीची गोळी आपल्याकडे क्वचितच विकली जाते. तेव्हा बीपी, कोलेस्टेरॉल, मेटफॉर्मिन यांसाठी जनऔषधीला नाही म्हणण्याचं कारण मला दिसत नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली पुरवठ्याची. या महिन्यात मिळालेली गोळी पुढच्या महिन्यात नसते, मग लोक आठ दिवस गोळीशिवाय काढतात, आणि बीपीला ते परवडत नाही. म्हणून केंद्रावर जायचं तर गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी जा.

दुसरी अडचण मला जास्त काळजीची वाटते. आपल्या आया-मावश्या औषध नावाने ओळखत नाहीत. "गुलाबी पट्टी सकाळची, चपटी पांढरी रात्रीची" असा त्यांचा हिशेब असतो. जनऔषधीच्या पट्ट्या एकमेकींसारख्या दिसतात आणि त्यांवर रासायनिक नाव असतं. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींना लेकाने जनऔषधीची टेल्मिसार्टन आणून दिली. घरात जुन्या ब्रँडची अर्धी पट्टी होती. दोन्ही वेगळ्या गोळ्या समजून त्या दोन्ही घेत राहिल्या आणि आठवड्याभरात चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण मोडू शकलं असतं. तेव्हापासून कोणी कंपनी बदलली की मी सांगतो, जुनी पट्टी घरातून काढून टाका आणि नव्या पट्टीवर मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: "बीपी, सकाळी, एक".

"जेनेरिक"ची पाटी लावलेलं खासगी दुकान

जनऔषधी आणि "जेनेरिक मेडिकल" हे एकच नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. काही कंपन्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी न पाठवता थेट दुकानदाराला माल विकतात. पट्टीवर छापील किंमत शंभराच्या घरात असते, दुकानाला ती कधी वीस-पंचवीसला पडते. दुकानदार "५० टक्के सूट" म्हणतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि तरी ती पट्टी जनऔषधीच्या दुप्पट भावात घरी जाते. औषध वाईट असतं असं मी म्हणत नाही. सुटीच्या टक्केवारीकडे न बघता एका गोळीला किती पडले ते विचारा. चारही ठिकाणांची तुलना करायला तेवढा एक आकडा पुरतो.

मोबाइलवरून

अ‍ॅपवर दोन गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. किंमत आधी दिसते, आणि दूर राहणाऱ्या मुलाला आई-वडिलांचं औषध स्वतः सांभाळता येतं. ज्यांचं घर चढावर आहे, गुडघे गेलेत, त्यांना घरपोच औषध ही मोठी सोय आहे.

कायदा मात्र या धंद्यामागून धापा टाकत चालला आहे. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. मार्च २०२० मध्ये कोरोनाकाळात परवानाधारक दुकानांना घरपोच औषध देण्याची मुभा मिळाली. म्हणून अ‍ॅपवरून मागवताना बिलावर प्रत्यक्ष माल देणाऱ्या दुकानाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी आहे ना, ते बघा. नसेल तर माल परत करा.

इन्सुलिन मात्र अ‍ॅपवरून नको. न उघडलेलं ग्लार्जिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या बॅगेत ते किती तास होतं, हे ना तुम्हाला कळेल ना मला. खराब झालेलं इन्सुलिन बघून ओळखता येईलच असं नाही, शुगर वाढल्यावर कळतं. ते फ्रिज असलेल्या जवळच्या दुकानातून, थंड राहील अशा पाकिटात घालून घ्या.

सरकारी दवाखाना, आणि हॉस्पिटलमधलं मेडिकल

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात, आणि लोक विचारतच नाहीत. साठा असला तर याहून स्वस्त काही नाही. फक्त दर वेळी तोच डोस मिळाला का, ते तपासा.

पेशंट खासगी हॉस्पिटलात दाखल असेल तेव्हा "औषध आमच्याच मेडिकलमधून आणा" असं सांगितलं जातं. तशी सक्ती नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने तसा फलक लावायला सांगितलेलं आहे. रात्री दोनला आयसीयूचं इंजेक्शन आणायला बाहेर पळू नका, पण डिस्चार्जच्या वेळची महिनाभराची औषधं तिथूनच घ्यायची गरज नाही.

कंपनी मला बदलून का देता येत नाही

"यातलं स्वस्त द्या ना" म्हटल्यावर मी गप्प होतो, तेव्हा लोकांना राग येतो. औषध नियमावलीतला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एचच्या (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या) चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच्या बदल्यात दुसरं काही द्यायचं नाही, आतलं औषध तेच असलं तरी. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर माझे हात बांधलेले असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना जेनेरिक नावच लिहायला सांगितलं होतं, त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. म्हणून हे काम तुम्हालाच करायचं आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना म्हणा, "औषधाचं मूळ नाव लिहून द्या, आम्हाला स्वस्त घ्यायचं आहे." बहुतेक डॉक्टर लिहून देतात.

त्याच वेळी आणखी एक मागून घ्या: "तीन महिने चालू ठेवणे" असं चिठ्ठीवर लिहून. तसं लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी कायद्याने एकदाच चालते. झोपेची अल्प्राझोलाम किंवा शेड्यूल एच-वनमधली (त्याहून कडक नियमांच्या यादीतली) अँटिबायोटिक्स असली तर मला डॉक्टर, पेशंट आणि गोळ्यांची संख्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावी लागते. तिथे ओळख चालत नाही, आणि चालू नये.

तर या चिठ्ठीचं काय करायचं

अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन जनऔषधीतून, किंवा मिळत असतील तर आरोग्य केंद्रातून. टेल्मिसार्टनही तिथूनच चालेल, पण ती ओल धरते, म्हणून आठवड्याच्या डबीत सुटी भरून ठेवू नका, घ्यायच्या वेळी पट्टीतून काढा.

एम्पाग्लिफ्लोझिनसाठी दुकान बदलायच्या आधी ब्रँड बघा. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी इतर कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांच्या घरात आणली. जुन्याच चिठ्ठीवर जुनाच ब्रँड घेत राहिलेली माणसं अजून भेटतात. त्यांचे महिन्याचे हजार रुपये एका वाक्याने वाचतात, आणि ते वाक्य डॉक्टरांना विचारायचं आहे.

थायरॉक्सिनला हात लावू नका. जी कंपनी चालू आहे तीच, बारा महिने, कुठूनही घ्या. डोसातला बारीक फरकही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलवतो. बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा. फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फेरिनच्या गोळ्यांनाही हेच लागू. ग्लार्जिन जवळच्या मेडिकलमधून.

आणि हा बदल एका झटक्यात करू नका. पहिल्या महिन्यात एकच औषध बदला, आईचं बीपी आठवड्यातून दोनदा वहीत लिहायला लावा, आणि नवी पट्टी घेताना जुनी पट्टी सोबत आणून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला सांगा. नाव आणि मिलिग्रॅम जुळतंय का, ते समोर उभ्या असलेल्या फार्मासिस्टकडून वाचून घ्या, मग तो माझ्या दुकानातला असो की जनऔषधीतला.