डोव्हर की राय–बोडिअम? लंडनहून एका दिवसाचा किल्ला आणि बंदर

आग्नेय इंग्लंडात एक दिवस काढायचा तर दोन पर्याय: किल्ला आणि बंदर एकाच ठिकाणी असलेलं डोव्हर, नाहीतर बोडिअमचा किल्ला आणि जवळचं राय हे जुनं बंदराचं गाव. बोडिअमचा किल्ला बाहेरून बघायचा, डोव्हरचा आतून. निवड करताना आधी एवढं लक्षात घ्या, कारण फोटो बघून बोडिअमला गेलेले बरेच जण दरवाजातून आत शिरताच हिरमुसतात.

सर एडवर्ड डॅलिंग्रिजला बोडिअमचा किल्ला बांधायची परवानगी १३८५ मध्ये मिळाली. चारही कोपऱ्यांचे गोल बुरूज रुंद खंदकाच्या पाण्यात उभे दिसतात, पण आत छप्पर नाही, मजले नाहीत; गवत आणि पडक्या भिंती. पाण्यातला किल्ला म्हणून जंजिरा डोळ्यांसमोर आणू नका. हा खंदक झऱ्यांच्या पाण्याचा, लाटांचा संबंध नाही. दरवाजाखाली मात्र मान वर करून बघाच: वरून खाली सोडायचा मूळचा लाकडी जाळीचा दरवाजा अजून तिथे अडकलेला आहे. एरवी दीड तास पुरे. पडझड झालेल्या या किल्ल्याची डागडुजी करून घेतली ती लॉर्ड कर्झनने. हो, बंगालच्या फाळणीवालाच! १९२५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला.

डोव्हरला अख्खा दिवस जातो. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा ११८० च्या दशकातला मुख्य बुरूज सुमारे २५ मीटर उंच, भिंती काही ठिकाणी ६ मीटरहून जाड. शेजारी रोमन दीपगृह, आणि खाली खडूच्या कड्यात खोदलेली भुयारं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिक परत आणण्याची सूत्रं याच भुयारांतून हलली. सकाळी पोचल्याबरोबर भुयारं उरका. तिथे गटागटाने सोडतात आणि दुपारी रांग वाढते. बुरूज नंतरही होतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून वेगवान गाडी तासाभरात डोव्हर प्रायरी स्टेशनला सोडते, पुढचा रस्ता चढाचा आहे. गावात मात्र फार वेळ घालवू नका. युद्धात बाँब आणि तोफगोळे खाल्लेलं हे फेरी-बंदर आहे, जुनेपणा फारसा उरलेला नाही.

तो जुनेपणा रायमध्ये आहे, फक्त समुद्र नाही. गाळ साचत गेला आणि किनारा दोनेक मैल लांब सरकला. नदीकाठच्या धक्क्यावर जायचं तर भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला नदीत नुसता चिखल उरतो आणि होड्या त्यात कलंडून पडलेल्या असतात. मर्मेड स्ट्रीटचे गुळगुळीत गोटे पावसात साबणासारखे होतात, तेव्हा रबरी तळाचे बूट हवेत. बाबागाडी तिथे नेऊच नका. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढलात तर लाल कौलांच्या पलीकडे समुद्र कुठवर मागे गेला ते एका नजरेत कळतं. वरचा जिना अरुंद आहे, पाठीवरची सॅक अडते.

गाडी असेल तर राय आणि बोडिअम एका दिवसात आरामात होतात. नसेल तर बोडिअम सोडून द्या: जवळचं स्टेशन रॉबर्ट्सब्रिज, तिथून पुढे टॅक्सी. टेंटरडेन गावाहून वाफेची गाडी थेट बोडिअमला येते, पण ती रोज धावत नाही. एकाच किल्ल्याचे पैसे खर्चायचे असतील तर डोव्हर, यात दुमत नसावं.

तिकिटात हमखास होणारी चूक: डोव्हर इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे, बोडिअम नॅशनल ट्रस्टकडे; एकाचा पास दुसरीकडे चालत नाही. आणि रायला रेल्वेने जाताना अ‍ॅशफर्डला गाडी बदलावी लागते. पुढची गाडी साधारण तासाला एकच, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच टिपून ठेवा.